तळहातावरचं लिंबू

काल तालमीत एका पोरीनं तळहातावर लिंबू धरलं आणि तिचा हात थरथरायला लागला. पट्ट्याच्या लांब, लवलवत्या पात्यानं ते लिंबू मला कापायचं होतं. "वस्ताद, बोटं तेवढी शाबूत ठेवा हां!" ती म्हणाली. बाकीच्या पोरी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आमच्या प्रत्येक खेळात लिंबू धरायला माझी बायको असायची. तिचा हात कधी हलला नाही. टाळ्या मात्र मी घेतल्या. धाडस, ताकद, दुसऱ्याचं रक्षण, असलं पुष्कळ बोलत आलो मी. अंग कमावलं की माणूस भीत नाही, असंही सांगायचो.

ती शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा मी एकदा विचारलं, "तुला कधी भ्या वाटलं नाही का गं?"

"वाटायचं की. दर वेळंला. पण हात हलून मला लागलं असतं, तर तुम्ही परत पट्टा उचलला असता व्हय?"

म्हणजे इतकी वर्षं ती मलाच सांभाळत होती. तिला जवळ घेऊन एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं. मी उठून पाणी आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी तिची वाचाच गेली.