साहेब जुव्यावर अडकले तो दिवस

आमचं गाव म्हणजे खाडीतलं जुवं, चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट. रत्नागिरीकडे जायचं तर एकच साकव होता; फार तर मोटरसायकल जाईल एवढा अरुंद. एका पावसाळ्यात त्याच्या मधल्या खांबाचं सिमेंट ढासळलं. सरकारी माणसं आली, दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले, ‘धोकादायक, ये-जा बंद’ अशी पाटी लावली आणि गेली. मग भरतीला होडी आणि ओहोटीला मांडीभर चिखल, असं आमचं सुरू झालं.

माझ्या जावेला कळा सुरू झाल्या तेव्हा नेमकी ओहोटी होती. आम्ही चौघींनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून नेलं. कालवांच्या शिंपल्यांनी पाय फाटले. मुलगी पलीकडच्या काठावरच जन्मली, रिक्षा यायच्या आधी.

पुढच्या आठवड्यात मी पाटी लावणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात गेले. साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, “बाई, चाळीस घरांसाठी पूल नियमात बसत नाही. इकडेच राहायला या ना.”

मी म्हटलं, “आधी तुम्ही या. जागा बघा, मग आम्हाला उठवा.”

त्यांनी पाहणीचा दिवस विचारला. मी तिथी बघून, सकाळी भरती असेल असा दिवस दिला.

साहेब होडीने मजेत आले. शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. प्रत्येकीला बोलायचं होतं. मी कुणालाच थांबवलं नाही. अकरा वाजून गेल्यावर साहेब उठले आणि बंदरावर येऊन बघतात तर होडी चिखलात आडवी.

“आता कसं जायचं?”

“पाणी येईल संध्याकाळी,” होडीवाला म्हणाला.

साहेबांनी साकवाकडे पाहिलं. माझी सासू लगेच म्हणाली, “तिथून नाय हां साहेब. पाटी तुमीच लावलीत. चिखलातून चला, आमी जातो तसे.”

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चार पावलं टाकली, आणि पाचव्याला बूट चिखलातच राहिला. ते परत फिरले. मला म्हणाले, “तुम्ही हे मुद्दाम केलंत?”

“हो,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? “माझी जाऊ कळा देत होती, तेव्हा तिला वेळ बघून निघता आलं नव्हतं.”

ते परत ओट्यावर येऊन बसले. आम्ही त्यांना भात आणि कालवांचं सुकं वाढलं. जेवून त्यांनी स्वतःहून वही उघडली, जावेला समोर बसवलं आणि ती सांगेल ते लिहून घेतलं. पाणी चढलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

तरी नवा पूल व्हायला दोन पावसाळे गेले, आणि त्या कार्यालयात मी इतक्यांदा गेले की शिपाई मला बघून आधीच उठायचा. पूल झाल्यावर निरोप आला, उद्घाटनाला पुढारी येणार आहेत, तोवर कुणी वापरू नये. तारीख दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा गेली त्या सकाळी आम्ही माशांच्या पाट्या डोक्यावर घेतल्या आणि निघालो. ठेकेदाराचा माणूस आडवा आला. “ताई, अजून फीत कापायची आहे!”

“कापा की,” जाऊ म्हणाली. कडेवर मुलगी होती. जावेनेच फीत हाताने वर उचलली आणि आम्ही एकेक करून खालून गेलो.