मारुतीआप्पांची शाळूची बिअर

मारुतीआप्पांच्या पुढ्यात पातळ काहीही ठेवा, ते आधी त्यात बोट बुडवायचे. चहा असो, आमटी असो, नाहीतर आमच्या आईनं पाठवलेली खीर असो. बोट अंगठ्यावर घासायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि मग निकाल द्यायचे, "हं, जमलंय," नाहीतर "पाणी मारलंय." नवख्या माणसाला किळस यायची. पण आप्पांनी बेळगावच्या वडगावात चाळीस वर्षं मागाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, पिठाची खळ दिली होती. खळ दाट झाली की सूत तडकतं आणि पातळ झाली की त्याला तूस सुटतं. त्या दोन बोटांवर गल्लीतल्या निम्म्या साड्या उभ्या होत्या.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या घरात दोन माग होते, आणि कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. हे मी अभिमानानं सांगते, आणि आप्पा माझ्याहून जास्त अभिमानानं सांगायचे. त्यांनी मला नावानं हाक कधी मारलीच नाही. "ए बीएस्सी, हिकडं ये गं जरा!" असं भिंतीपलीकडून यायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची तब्येत ढासळली. पोटात काही ठरेना, वजन उतरत चाललं. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, गहू कायमचा बंद. आप्पा हसले. भाकरीवर वाढलेल्या माणसाला चपातीचं काय कौतुक! मग डॉक्टर म्हणाले, "सातूसुद्धा बंद. म्हणजे त्याची बिअरही." तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

आप्पा काही पिणारे नव्हते. पण निपाणीजवळ त्यांच्या मेव्हण्याचं, शंकररावांचं गाव. तिथल्या जत्रेला दरवर्षी दुपारी सगळे पुरुष गच्चीवर बसायचे. मटण, भाकरी, थंडगार बिअर आणि वर्षभराच्या थापा. त्या वर्षी आप्पा सरबताचा पेला घेऊन खालीच बसले. शंकरराव वरून ओरडले, "दाजी, तितंच बसा आता! पोरांस्नी सांभाळायला कुणीतरी पायजेच की!" गच्चीवर हशा झाला. आप्पाही हसले. पण परतताना बसमध्ये बेळगाव येईपर्यंत ते खिडकीकडं तोंड करून बसले, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कानं, मला सांगितलं. घरात पाऊल टाकल्यावर एवढंच म्हणाले, "फुडच्या जत्रंला माझ्या हातची घिऊन गच्चीवर चढीन. न्हाय जमलं तर त्या गावाची वाट बंद."

पुढे त्यांच्या पुतण्यानं बेंगळूरहून ग्लुटेन नसलेल्या परदेशी बिअरचा एक डबा आणला. आप्पांनी बोट बुडवलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भांडी इसळल्यालं पाणी हाय हे! कशाची केल्या बघ की गं." मी डब्यावरचं इंग्रजी वाचलं आणि सांगितलं, ज्वारीची.

"ज्वारीची? म्हंजी आपला शाळू?" आप्पा ताडकन उठले. "आगं, मग त्यास्नी काय कळतंय शाळवातलं!"

झालं. माझी सुट्टी आप्पांच्या घरामागच्या परड्यात जाऊ लागली. बिअरला कडसर चव देणारी हॉप्सची वाळलेली फुलं आणि बिअरचं यीस्ट आम्ही पार्सलनं मागवलं. त्यात गहू-सातूचा अंश नको, म्हणून यीस्टच्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर मी त्यांना वाचून दाखवलं. विकायची नाही, घरापुरतीच करायची, हे आप्पांनी आधीच बजावलं होतं. तरी आक्का म्हणायचीच, "पोलीस आलं तर मी न्हाय वळखत तुमास्नी."

मोड आलेल्या धान्यात पिठाची साखर करण्याचा गुण असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आणि गल्लीतल्या प्रत्येक बाळाला नाचणीचं सत्त्व आक्काच्याच हातचं. तिनं नाचणीला मोड आणले, वाळवले, खमंग भाजले आणि दळून दिलं. शाळूच्या भरडीची पेज शिजवून, थोडी निववून आम्ही त्यात ते पीठ घातलं. वास असा, की शेजारणी डोकावून गेल्या. पण पेज होती तशीच दाट राहिली. मी आयोडीनचा थेंब टाकला, तर रंग निळाकाळा. म्हणजे पिठाचं पीठच, साखर नाही. आप्पांनी बोट घासलं. "खळ हाय ही. हिच्यावर साडी विणून घी."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. जत्रा दीड महिन्यावर आली. आप्पा परड्यात यायचे कमी झाले. जत्रेचा विषय निघाला की उठून जायचे.

चौथ्या खेपेला आक्का कढई तापवत होती. मी वैतागून म्हटलं, "आक्का, जरा जास्तच भाजून बघूया का?"

"भाजू की. कच्चं ठिवून चालतंय व्हय? कच्चं पीठ घातलं की पेज निस्तं पाणी हुत्या. बाळाच्या पोटात काय ऱ्हाणार मग?"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. भाजल्यानं मोडाचा गुण मरतो. माझ्या बी.एस्सी.ला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आप्पांनी पुढं होऊन गॅस बंद केला.

"आगं, ते पाणीच पायजे आमाला! तीन येळा मुकी का बसलीस?"

"तुमी इच्यारलं व्हय कवा? दोगं आपलं शाण्यावाणी पुस्तकं चाळत बसलासा."

त्या दिवशी कच्चं पीठ घातलं. पाव तासात पळी हलकी फिरू लागली. आप्पांनी बोट घासलं, चाखलं आणि डोळे मिटूनच म्हणाले, "गोड." मी आयोडीनचा थेंब टाकला. निळा रंग आलाच नाही. पण बोटांनी तो निकाल माझ्या आधीच दिला होता. साडीच्या कापडातून गाळून, हॉप्स घालून उकळून, थंड करून यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी बादलीच्या झाकणातली नळी बुडबुडू लागली, तेव्हा आप्पांनी खुर्ची तिच्याशेजारी नेऊन मांडली आणि जेवणही तिथंच मागवलं.

जत्रेला आम्ही तिघं वीस बाटल्या घेऊन गेलो. आप्पा थेट जिन्याकडं निघाले. आक्का सवयीनं चुलीकडं वळली, तशी त्यांनी तिला हाक मारली. "हिकडं ये. आणि बीएस्सी, तू बी. केली तिगांनी आणि चढायचं एकट्यानं व्हय?" त्या गच्चीवर जत्रेच्या दुपारी बाई कधी चढली नव्हती. बसलेल्यांनी सरकून जागा केली.

शंकररावांनी पेला उजेडात धरला. किंचित गढूळ, तांबूस, वर पांढरा फेस. "दाजी, अंबील आणलासा काय?" म्हणत त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. मग उरलेला पेला एका दमात. स्वतःची बाटली त्यांनी पायानं बाजूला सारली आणि पेला पुढं केला.

"कुणाची हो ही?"

"तुमच्या बहिणीची अक्कल, हिचं शास्त्र आणि माझी बोटं," आप्पा म्हणाले. "आणि शाळू आपला."

मग पेल्यांची रांगच लागली. आप्पा एकेक भरत गेले, आक्काचा, माझा, सगळ्यांचा. स्वतःचा त्यांनी शेवटी भरायला घेतला, सावकाश, फेस बसू देत. भरलेले पेले हातात घेऊन सगळी गच्ची उभी होती. कुणीच ओठाला लावत नव्हतं. आप्पांचा पेला भरायची वाट बघत होते.