पोटातल्या पिना

बेसनाच्या डब्यात कोणीतरी बोटानं रेघ ओढून ठेवली होती. इंदूबाई गजभियेंनी झाकण उघडलं आणि हातातला चमचा तसाच राहिला. पीठ वरून थापून सपाट केलेलं, मधोमध एक आडवी रेघ. त्यांनी शेंगदाण्याचा डबा उघडला. दाण्यांवर एक लाल मिरची ठेवलेली, देठ बरोबर भिंतीकडे. गुळाच्या भेलीला शिवणाच्या दोऱ्याचा वेढा.

घरात माणसं तीनच. इंदूबाई, त्यांचा नवरा देवाजी आणि सासू बायजाबाई. लेक लग्न होऊन भंडाऱ्याला गेलेली. देवाजी अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर, त्याला डबे कुठं असतात तेही माहीत नव्हतं. म्हणजे रेघ कोणाची, हे विचारायचंही कारण नव्हतं.

इंदूबाईंनी बेसन घेतलं, भजी केली, आणि पीठ पुन्हा थापून आपल्या हातानं तशीच रेघ ओढून ठेवली. ओढता ओढता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एक्केचाळीस वर्षांची बाई, महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळणारी, इंदोऱ्यातल्या आपल्या गल्लीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. आणि आता स्वतःच्याच घरात चोरासारखी.

हे १९८४ सालचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन एकशे एकवीस किलो होतं. गुडघे गेलेले, ब्लडप्रेशर चढलेलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबत, आणि पोरं पाठीमागे रांग लावून मुकाट उभी राहत. उपास झाले, काढे झाले, कारल्याचा रस झाला. मग कोणीतरी धंतोलीतल्या डॉक्टर केळापुऱ्यांचं नाव सांगितलं. अमेरिकेत शिकून आलेले. ते पोट उघडून जठराच्या वरच्या भागात बारीक धातूच्या पिनांची ओळ मारतात म्हणे. जेवण उतरायला लिंबाएवढी पिशवी राहते, बाईला दोन घास पुरतात.

ऑपरेशन झालं. पहिले दहा महिने डॉक्टर म्हणाले तसंच झालं. अर्धी भाकरी खाल्ली तरी उलटी होई. वजन ब्याण्णववर आलं. इंदूबाई दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढल्या, त्या दिवशी त्यांनी वर्गाला अर्धा तास आधीच सुट्टी दिली.

मग एका रविवारी त्यांनी झुणक्यासोबत एक आख्खी भाकरी खाल्ली. उलटीची वाट पाहत मोरीजवळ बसून राहिल्या. उलटी आली नाही. दुसऱ्या दिवशी दीड भाकरी गेली. इंदूबाईंना आनंद नाही झाला, भीती वाटली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आणि मग ती जुनी भूक, पोट खरवडणारी, परत आली. वर्षभरात काटा एकशे तेरावर गेला.

घरात कोणी तोंडावर बोललं नाही. बायजाबाई फक्त ताटाकडे बघत. शेजारची रुखमाबाई दारात आली की म्हणे, "मास्तरीण बाई, डाक्टरनं तर पोट लहान केलं होतं नं वं? मग हे खाल्लेलं कुठी जाऊन राहिलं?" आणि हसे. शाळेत डबा उघडला की सोबतच्या शिक्षिका पार्वतीबाई पेशने मान वळवून बघत, किती पोळ्या आहेत ते.

इंदूबाई केळापुऱ्यांकडे गेल्या. डॉक्टरांनी वजन केलं, चष्मा काढला. "बाई, खरं सांगा. गोड खाता का? दिवसभर थोडं थोडं चालू असतं का? ऑपरेशन माझ्या हातात होतं, तोंड तुमच्या हातात आहे."

"एका वेळेले दीड भाकर जाते डॉक्टरसाहेब. तुमी तर दोन घास म्हणत होते. कशी जाते?"

"सवयीनं पिशवी ताणते," ते म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

परत येताना पार्वतीबाईंनी पेरलेलं बी इंदूबाईंच्या डोक्यात उगवू लागलं. पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या मावसबहिणीले नुसती चीर पाडून शिवून देल्ली होती. आत हात बी नाही लावला. कोणाले समजते? आपण तर बेसुद्ध." इंदूबाईंनी पोटावरच्या लांब व्रणावरून हात फिरवला. आत पिना आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं? ज्यानं मारल्या त्यानंच. स्वतःच्या डोळ्यांनी कोणी पाहिलं होतं?

त्यांनी ऑपरेशनचे कागद मागितले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात म्हणाला, फाइल मोठ्या साहेबांच्या कपाटात आहे. तिसऱ्या वेळी त्यानं इंदूबाईंना बघताच रजिस्टरात मान घातली. आता तर त्यांची खात्रीच पटत चालली. घरी देवाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे नं. कायले डाक्टरच्या मागं लागून राहिली? थोडं कमी खात जा." आणि तो टॉवेल घेऊन बाहेर निघून गेला. देवाजी तसा दुखऱ्या जागेपासून पळणारा माणूस नव्हता. इंदूबाईंना ते खटकलं, पण तेव्हा त्यांचा सगळा संशय धंतोलीकडे वळलेला होता.

शाळेत आरोग्य तपासणीला दरवर्षी एक लेडी डॉक्टर येत, सुमती देव नावाच्या. कमी बोलणाऱ्या, पोरांच्या जिभा बघून झाल्या की निघून जाणाऱ्या. त्या वर्षी इंदूबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "पिना मारल्या का नाही, हे कसं समजंल?"

सुमतीबाई म्हणाल्या, "धातूच्या आहेत ना? मग साध्या एक्स-रेत दिसतील. त्यात विश्वास ठेवण्यासारखं काय आहे, बघायचं."

इतकं सोपं! दोन महिने जळत्या निखाऱ्यावर काढले होते त्यांनी.

सुमतीबाईंच्या ओळखीनं एका एक्स-रेवाल्याकडे तपासणी झाली. आधी साधी फिल्म. मग कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं, जाडसर औषध प्यायला लावलं आणि पडद्यामागे उभं करून पुन्हा फोटो काढले. सुमतीबाईंनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"या बघा तुमच्या पिना."

होत्या. बरगड्यांच्या खाली बारीक पांढऱ्या टाक्यांची तिरपी ओळ. म्हणजे डॉक्टरनं फसवलं नव्हतं.

"आता इथे बघा," सुमतीबाईंनी पेन्सिलीचं टोक ओळीच्या मध्यावर ठेवलं. तिथे ओळ तुटलेली होती, आणि पांढरं औषध त्या भगदाडातून धो धो खाली मोठ्या जठरात उतरलेलं. "ओळ सुटली आहे. पिशवी उरलीच नाही. भूक परत आली ती म्हणून. तुम्ही चोरून खाल्लं म्हणून नव्हे."

इंदूबाई भिंतीजवळच्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या देवाजीला घेऊन केळापुऱ्यांकडे गेल्या. फिल्म टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती दिव्यावर लावली आणि तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"सुटलं आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळीच फोटो काढायला हवा होता. मी तुम्हाला दोष दिला, ते चुकलं."

"पण असं सुटू शकते, हे आधी काहून नाही सांगतलं मले?"

केळापुरे वळले. त्यांनी इंदूबाईंकडे नाही, देवाजीकडे पाहिलं. "सांगितलं होतं. काही जणांत ओळ उसवते, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, हे मी यांना समजावून सांगितलं होतं. सही यांचीच आहे." आणि ज्या फाइलसाठी इंदूबाईंनी तीन खेपा घातल्या होत्या ती त्यांनी कपाटातून काढून पुढे ठेवली. खाली देवाजीची वळणदार सही होती.



घरी आल्यावर इंदूबाईंनी दार लावलं. बायजाबाई आतल्या खोलीत होत्या.

"तुमाले मालूम होतं."

"तू घाबरली असती," देवाजी म्हणाला. "नाही म्हटलं असतं. तुले जिन्यात धापा टाकताना पाहवत नव्हतं मले. एकदा झालं का झालं, असं वाटलं."

"आन मंग? वर्षभर तुमची माय पिठात रेघा ओढून राहिली, रुखमाबाई दारात हसून राहिली. तवा काहून नाही बोलले?"

"पहिल्यांदा लपवलं म्हणून दुसऱ्यांदा सांगता नाही आलं. अन खरं सांगू? मधात मधात मलेही वाटे, तूच खात असशीन."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बायजाबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लेकाकडे बघून म्हणाल्या, "मले पापात घातलं गा तू," आणि सुनेसमोर न थांबता स्वयंपाकघरात गेल्या. गुळावरचा दोरा तोडल्याचा बारीक आवाज इंदूबाईंना ऐकू आला.

पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही, यावर इंदूबाईंनी तीन महिने घेतले. केळापुरे म्हणाले, दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड. आत सगळं चिकटलेलं असतं, गळती लागू शकते, जीवही जाऊ शकतो. यावेळी दोन ओळी मारू, बाहेरून एक पट्टी घालू. तरी हमी नाही. इंदूबाईंनी हे वहीत लिहून घेतलं, सुमतीबाईंना दाखवलं, त्यांच्याकडून मुंबईच्या एका सर्जनला पत्र पाठवलं. मुंबईचं उत्तर केळापुऱ्यांच्या बोलण्याशी जुळलं, तेव्हाच त्या हो म्हणाल्या. कागद त्यांनी ओळ न ओळ वाचला. एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. नर्सनं सवयीनं पेन देवाजीपुढे धरलं, तेव्हा इंदूबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. जखम पिकली, पंचवीस दिवस हॉस्पिटलात गेले, आणि बायजाबाई रोज पाण्यासारखी पेज डब्यात घेऊन बसनं धंतोलीला येत राहिल्या. सहा महिन्यांनी फोटो काढला, ओळी शाबूत होत्या. वजन अठ्ठ्याण्णववर येऊन थांबलं. डॉक्टरांना आणखी उतरेल असं वाटलं होतं, उतरलं नाही. व्रणाच्या जागी पोट थोडं फुगून आलं, त्यावर पट्टा बांधावा लागे. पण जिना चढता येऊ लागला.

देवाजीशी संसार चालू राहिला. वाईट नाही चालला. फक्त तो काही सांगून थांबला की इंदूबाई लगेच हो म्हणत नसत. हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "अजून काही हाये का?" बहुतेक वेळा काहीच नसे. तरी त्या थोडा वेळ थांबत.