कुमुदिनीबाईंचं ‘टेक इन’

कुमुदिनी टिपणीस तोंडाची फटकळ आहे, ही बातमी तिच्या सख्ख्या भावानेच अंबरनाथभर केली होती. बदलापूरला वडील होते तोवर तिच्या बोलण्याला कुणी फटकळ म्हणत नसे. ‘कॉलेजात गेलेली मुलगी आहे, बोलणारच,’ असं वडील कौतुकाने म्हणायचे. ते गेले आणि चिंतामणीने, म्हणजे या थोरल्या भावाने, तिथलं भाड्याचं बिऱ्हाड मोडून तिला आपल्याकडे आणलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो बऱ्यापैकी हुद्द्यावर होता, राहायला कारखान्याचं क्वार्टर होतं. इथल्या शाळेत तुला चिकटवतो, असं त्याने सांगितलं होतं. तो शब्द कधी खरा झाला नाही. मात्र वहिनी, पद्मजा, आल्यागेल्यासमोर चहाचा कप ठेवताना न चुकता म्हणायची, "वन्संना आम्ही ठेवून घेतलंय." तो चहा कुमुदिनीने केलेला असायचा.

शेवटी नोकरी मिळाली ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, निर्वासित मुलींच्या शाळेत. तिथे जायला दुसरी कुणी मराठी बाई तयार नव्हती, म्हणून मिळाली. वर्ग लष्कराच्या जुन्या बराकीत भरायचा. फाळणीत शिक्षण तुटलेल्या, अंगापिंडाने थोराड झालेल्या मुली बाकांवर दाटीने बसायच्या. त्यांना ही तुसडी बाई आवडायची नाही आणि बाईंना त्या आवडायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिला ‘दादी’ म्हटलं. तिशीही न गाठलेल्या कुमुदिनीला वाटलं, कार्ट्या आपल्याला म्हातारी म्हणून चिडवताहेत. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात हे तिला पुढे समजलं, पण तोवर तिने सगळा वर्ग अर्धा दिवस उभा करून ठेवला होता.

बावन्न सालच्या हिवाळ्यात तिने ‘टेक इन’ शिकवायला घेतलं. ‘टेक’ म्हणजे घेणे हे सगळ्यांना येत होतं, पण पुढे ‘इन’ लागलं की तोच शब्द कसे रंग बदलतो ते तिने फळ्यावर ओळीने लिहिलं आणि हिंदीत समजावलं. पहिला अर्थ, आसरा देणं, घरात ठेवून घेणं. दुसरा, फसवणं, ठकवणं, गंडवणं. तिसरा, सैल झालेला कपडा शिवण घालून आत घेणं. चौथा, ऐकलेलं नीट डोक्यात शिरणं. कपड्याचा अर्थ मुलींनी चटकन उचलला, कारण निम्म्या घरांत शिवणयंत्रावरच चूल पेटत होती. तेवढी चार मिनिटं वर्ग तिच्या बाजूचा झाला.

मग मागच्या बाकावरची जसोती उभी राहिली.

"दादी, हमको यहाँ टेक इन किया," ती म्हणाली. "पहला मतलब लिखूँ या दूसरा?"

मुलगी वात्रटपणा करत नव्हती. सिंधमध्ये शिकारपूरला तिचं दुमजली घर होतं. इथे पक्कं घर मिळेल असं सांगून आणलेल्या तिच्या कुटुंबाला बराकीतली एक खोली मिळाली होती, मध्ये गोणपाटाचा पडदा. पण कुठून तरी कुणी फिस्सकन हसलं आणि कुमुदिनीला तेवढंच ऐकू आलं. ‘ठेवून घेतलंय’ हे ती त्याच सकाळी शेजारणीसमोर ऐकून निघाली होती. तिने जसोतीला पुढे बोलावलं, हात पुढे करायला लावला आणि पट्टी ओढली. जसोतीने हात मागे घेतला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्यामुळे कुमुदिनी आणखी भडकली आणि तिने पुन्हा मारलं.

दुसऱ्या दिवशी जसोतीची आई हरीबाई शाळेत आली. नवरा सिंध सोडतानाच्या धामधुमीत गेला होता. बाई कपडे शिवून घर चालवायची, मापाची टेप गळ्यात तशीच होती. तिने मोठ्या बाईंना नमस्कार केला, कुमुदिनीला केला नाही.

"आपने मतलब पढ़ाया, लड़की ने मतलब पूछा," ती म्हणाली. "मार किस बात की?"

उर्मटपणाची, असं कुमुदिनीने सांगितलं. मोठ्या बाईंनी दोघींना गप्प करायचा प्रयत्न केला आणि कुमुदिनीला माफीचे दोन शब्द बोलून टाकायला सुचवलं. कुमुदिनी ते दोन शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून वर्गातल्या मुली तिला दादी म्हणायच्या थांबल्या. काहीच म्हणेनात.

इकडे घरी चिंतामणीने तिच्यासाठी स्थळ काढलं. वांगणीचा बिजवर, वय चाळिशीचं, खाऊनपिऊन सुखी, असं सांगण्यात आलं. पाहायला आला तो गृहस्थ साठीकडे झुकलेला होता. त्याने तिचं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाकही विचारला नाही. तिच्या मनगटांकडे बघत म्हणाला, "आई अंथरुणाला खिळलीय. उचलून बसवावं लागतं. ताकद आहे ना?"

तो गेल्यावर कुमुदिनीने भावाला विचारलं, "दादा, तुला हे ठाऊक होतं?"

"होतं," चिंतामणी म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर तू बाहेर तरी आली असतीस का?"

"म्हणजे फसवलंस."

"इतकी वर्षं ठेवून घेतलं, ते फसवायला?"

"दोन्ही एकदम करता येतं," कुमुदिनी म्हणाली.

पद्मजा आतून म्हणाली की इतकं टोचतंय तर आपली सोय आपण बघावी माणसाने. चिंतामणीने तिला गप्प केलं नाही. कुमुदिनीने दुसऱ्याच दिवसापासून खोली शोधायला सुरुवात केली. अंबरनाथमध्ये एकट्या बाईला कुणी जागा देईना. मोरिवलीत एका घराने होकार दिला आणि रात्रीत फिरवला. मग शाळेच्या शिपाईणीने सांगितलं की हरीबाईचा दीर बायकोमुलांसह कायमचा बाहेरगावी गेलाय, पडद्यापलीकडची अर्धी खोली रिकामी आहे. कुमुदिनी दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

हरीबाईने यंत्र थांबवलं नाही. शिवतच तिने अटी घातल्या. पाणी स्वतःचं स्वतः भरायचं, मासे तळले की नाक मुरडायचं नाही, आणि जसोतीला रोज इंग्रजी शिकवायचं, हात न उगारता.

"तुझ्यावर दया म्हणून देत नाही," ती हिंदीत म्हणाली. "पोरीच्या परीक्षेसाठी देतेय."

"मलाही दया नकोय," कुमुदिनी म्हणाली आणि ट्रंक आणायला गेली.

मासे कुमुदिनीच्या घरीही व्हायचे, नाक मुरडायचा प्रश्न नव्हता. भांडणं व्हायची ती पाण्यावरून, दिव्यावरून, यंत्राच्या खडखडाटावरून. कुमुदिनी मराठीत भांडायची, हरीबाई सिंधीत. जसोती मधल्या पडद्याला टेकून स्पेलिंगं पाठ करायची. ती मॅट्रिक झाली, मुंबईत एका कचेरीत लागली, लग्न करून गेली. पट्टीच्या माराबद्दल कुमुदिनीने तिला कधी काही म्हटलं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही. ती गेल्यावर दोन्ही बायका पडद्याच्या दोन बाजूंना राहिल्या.

छप्पन सालात एका दुपारी चिंतामणी बराकीच्या दारात उभा राहिला. पद्मजा आजारी होती, घरात करायला कुणी नव्हतं. तो म्हणाला, झालं गेलं विसर आणि घरी चल. कुमुदिनी वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही, बस म्हटलं नाही. तो उभ्याउभ्याच पुन्हा तेच म्हणाला.

"मोलकरीण बघ," ती म्हणाली.

पलीकडचं यंत्र थांबलं. हरीबाईने पडदा सारून स्टूल पुढे केलं, चिंतामणीला पाणी दिलं आणि सिंधी रीतीप्रमाणे सोबत ताटलीत भाजलेला पापड ठेवला. त्याने पाण्याचा एक घोट घेतला, पापडाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळला आणि हरीबाईने तोंड सोडलं. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारत नाही, ही कसली शिकलेली बाई. कुमुदिनी म्हणाली, माझा भाऊ आहे, तुम्ही मध्ये पडू नका. हरीबाई म्हणाली, दार माझं आहे. तिन्हीसांजेपर्यंत ते भांडण चाललं आणि शेजारपाजारची दोन घरं दाराशी येऊन ऐकत उभी राहिली.