पडद्यापुढं रडलेला नाईक

रिठदजवळच्या तांड्यावर शनिवारी संध्याकाळी एका संस्थेनं शाळेच्या भिंतीवर पडदा लावून सिनेमा दाखवला. सोळा वर्षांची पोर लग्नाच्या मांडवातून उठते आणि परत शाळेत जाते, एवढीच गोष्ट. सगळ्यांत जास्त रडला तांड्याचा नाईक धरमसिंग. संस्थेच्या बाईंनी मोबाईल पुढं धरला, तेव्हा रुमालानं नाक पुसत तो म्हणाला, "आमचे डोये उघडले, बाई."

चंदाबाई मागं बायकांत बसली होती. धरमसिंग तिचा थोरला दीर. नवरा गेल्यापासून तिच्या घरातलं लहानमोठं सगळं तोच ठरवी. त्याला रडताना पाहून तिला भारी धीर आला. तिची रंजीताही सोळाचीच, अकरावीत शिकणारी.

सोमवारी सकाळी तोच धरमसिंग रंजीताचं स्थळ घेऊन ओट्यावर येऊन बसला. मुलगा ऊसतोडीला जाणारा. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्याला अर्धा. आणि अर्ध्याला मुकादम उभं करत नाही. दिवाळीनंतर टोळी निघणार, त्याआधी त्या पोराला बायको हवी होती.

चंदाबाईनं घुंगट ओढला. रीतीप्रमाणं थोरल्या दिराशी ती वीस वर्षांत थेट बोललेली नव्हती. मधे कुणीतरी लागे.

"रंजीता, मोठ्या बाबाले इचार, परवा रडले ते कायले?"

"तिले सांग, सिनेमा सिनेमा असते," धरमसिंग चहा फुंकत म्हणाला. "त्यातली पोर पराई होती, म्हणून रडू आलं. घरच्या पोरीले घरची रीत."

चंदाबाईचं डोकं भणाणलं. पराईसाठी दोन तास रडता येतं, कारण तिला द्यायचं काहीच नसतं. आणि त्या रडण्यावर आपण दोन रात्री निवांत झोपलो, याचा तिला जास्त संताप आला. तिनं घुंगट मागं सारला.

"आता मधात कोनी नको. डोये उघडले म्हनता ना? मंग पाहा इकडं. माही पोरगी मी देत नाही."

"नाईकाले तोंड दाखवून बोलून राह्यली तू?"

"हो. आन् लई उशिरा बोलून राह्यली."

धरमसिंग कप तसाच ठेवून उठला. "तुह्या दारात आता तांड्याचं कोनी पाय ठेवनार नाही."

"त्या पोराले बी तेच सांगा, म्हंजे त्याचा फेरा वाचते." चंदाबाई आत वळली. "रंजीता, दप्तर घे. साडेनवाची येष्टी निंगून जाईन."