पाइंटमनीणबाईंची नानखटाई

गावात कोणत्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत, हे त्या मुलीच्याही आधी पाइंटमनीणबाईंना कळत असे. त्यांचे यजमान जऊळक्याच्या स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते. गाडीतून चार अनोळखी टोप्या आणि एक नवं कोरं धोतर उतरलं, की ते जेवायला घरी आल्यावर बातमी देत. पाहुणे चहा-पोहे घेऊन परततात न परततात तोच बाई मुलीच्या दारात हजर! "जमलं काय?" असं त्या विचारत नसत. "रंग कोनता आवडते तिले?" एवढंच विचारत. कारण तिचं रुखवत त्यांच्याच हातचं होणार, हे ठरलेलंच असे.

मास्तरांची बायको मास्तरीणबाई, तशी पॉइंट्समनची पाइंटमनीणबाई, हा आमच्या गावाचा सरळ हिशेब. त्या ठेंगण्या, सावळ्या, भराभर चालणाऱ्या होत्या आणि त्याहून भराभर बोलणाऱ्या. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एका भिंतीला बुद्धाची तसबीर आणि बाकी तिन्ही भिंतींना खिळ्यांवर टांगलेल्या पिशव्या. एकीत पतंगी कागद, एकीत लोकरीचे गुंडे, एकीत मणी, एकीत चहाच्या पुड्यांतला चांदीचा कागद. सरकी काढलेल्या कापसाचे हंस त्यांनी असे करावेत, की आमच्या शेतातलाच कापूस आहे हे खरं वाटू नये. ज्वारीच्या धांड्याचा भेंड सोलून केलेली त्यांची बैलगाडी कितीतरी मांडवांत मिरवली.

रुखवत मांडलं की नवरदेवाकडच्या बाया विचारणार, "हे कोनं केलं?" आणि आपण म्हणणार, "नवरीनं." हा रिवाज. विचारणारीलाही ठाऊक असे, सांगणारीलाही. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांची अट एकच होती. प्रत्येक वस्तूला नवरीनं हात लावायचा. "हंसाचा डोया तरी तू लाव वं. खोटं बोलाचं हाय तं त्यात थोडं खरं पाह्यजे," असं म्हणून त्या दोन काळे मणी मुलीच्या तळहातावर ठेवत.

या खोट्यानं पुढे पंचाईत व्हायचीच. एक माहेरवाशीण दिवाळीला आली ती घरी पिशवी टाकून थेट क्वार्टरवर. सासूनं नणंदेच्या रुखवतासाठी सहा हंस करायचं फर्मान काढलं होतं. "आता काय करू वो बाई?" ती रडकुंडीला आलेली आणि बाई हसून हसून बेजार. "डोये तं लावता येतेत ना? मंग अर्धा हंस झाला तुहा. बस खाली." आठ दिवस बसवून त्यांनी तिला बाकीचा अर्धा हंस शिकवला.

पण बाईंचा खरा जीव होता तो नानखटाईत. यजमान आधी एका मोठ्या जंक्शनवर होते, तिथं शेजारच्या गार्डाच्या बायकोकडून त्या हे शिकल्या. शेगडीवर जुनं पातेलं, त्यात रेती, रेतीवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. कोळसा इंजिनातून पडलेला, अर्धा जळका. घड्याळ नव्हतं. आदल्या स्टेशनवरून गाडी सुटल्याची घंटा झाली की ताटली चढवायची आणि आपल्या स्टेशनातून गाडी हलली की उतरवायची. वाटेत गाडी कुठं खोळंबली, तर त्या दिवशीची नानखटाई काळी व्हायची. ती यजमानांच्या ताटात जाई. "घंटा तुमी वाजवली, मंग खा आता," असं त्या म्हणत आणि तो भला माणूस मुकाट्यानं खाई. परातीत तळव्यानं तूप फेटताना मात्र बाई एक अक्षर बोलत नसत. तूप पांढरं होऊन पाण्यावर तरंगेपर्यंत तोंड बंद. एरवी त्यांना गप्प बसलेलं मी पाहिलं नाही.

प्रत्येक रुखवतासाठी त्या नानखटाईचा एक डबा आपणहून करीत. कोणी सांगितलेलं नसे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. रेशनची साखर त्या दोन-दोन महिने साठवत, स्वतः गुळाचा चहा पीत आणि लग्नाच्या आदल्या दिवशी डबा घेऊन येत. डब्याला फडकं बांधलेलं, फडक्यावर रेशमाचं फूल.

आता जे लिहायचं ते लिहिताना आजही मान वर होत नाही. बाई बौद्ध होत्या आणि आमची घरं शेतकऱ्यांची, हिंदू. त्यांची कागदाची फुलं आमच्या देवघराच्या चौकटीला चालत, त्यांच्या हातचा रवा चालत नसे. त्यांना चहा दिला जाई, पण तो अंगणातल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. डबा सगळ्या घरी हसतमुखानं घेतला जाई. "कायले एवढा तरास घेतला वो," असंही म्हटलं जाई. मग तो मागच्या खोलीत जाई आणि लग्न उरकल्यावर गड्यांच्या पोरांत वाटून टाकला जाई. रिकामा डबा धुऊन-पुसून परत. बाईंना काय कळणार, असं गावाला वाटे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सासर मंगरूळकडचं. दोन महिने रोज दुपारी मी क्वार्टरवर जाऊन बसे आणि हंसांना डोळे लावता लावता मणी ओवायला, फुलं वळायला शिकले. तिथं मी पाणीसुद्धा पीत नसे, घरची ताकीद होती. बाईंनी कधी आग्रह केला नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी त्या यजमानांचा डबा द्यायला स्टेशनवर गेल्या. ओट्यावर माझ्या रुखवताची नानखटाई गार होत होती, प्रत्येकीच्या मधोमध एक चारोळी. वासानं मला राहवेना. मी एक तोंडात टाकली. ती विरघळायच्या आत दुसरी टाकली. जायफळाचा वास नाकात गेला. बाई परत आल्या तेव्हा मी मान खाली घालून मणी ओवत होते.

दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. हंस होते, बैलगाडी होती, लोकरीचं तोरण होतं. नानखटाई नव्हती. डबा आईनं मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे सारला होता. त्याची गाठही सोडली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई आल्या, रुखवतावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्याशेजारी बसलेल्या आईला म्हणाल्या,

"नानखटाई बरी झाल्ती काय वो? वेलची ज्यास्त तं नाही ना झाली?"

"छे वो! बराबर होती वेलची," आई म्हणाली. "पाव्हन्याईनं हातोहात संपवली."

"बरं झालं मंग," बाई म्हणाल्या. माझी सरकलेली मुंडावळी त्यांनी नीट केली आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसल्या.

मला माहीत होतं की त्यात वेलची नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. नवरी बोलत नसते, हे कारण मी पुढे सहा महिने स्वतःला देत राहिले आणि ते एकदाही पटलं नाही. सासरी पहिल्यांदा पुरणपोळी केली आणि कोणीच काही बोललं नाही, तेव्हा तर फारच आठवण झाली. आपण केलेलं कुणी चाखून नावं ठेवली तरी चालतं, पण कुणी चाखलंच नाही तर करणाऱ्यानं काय करावं?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंच्या यजमानांची बदली झाली. सामान मालगाडीच्या डब्यात चढलं तेव्हा मी सासरी होते, त्यामुळे भेट झाली नाही. पुढे कोणत्या स्टेशनवर गेल्या, कुठं स्थायिक झाल्या, कळलं नाही. मी मात्र दर दिवाळीला नानखटाई करते. आईनं बाईंच्या हातची शेवटपर्यंत खाल्ली नाही. माझ्या हातची आवडीनं खायची. ही रीत कोणाची, हे मी तिला दर वेळी सांगत असे. ती चावता चावता थांबायची, खाली बघायची आणि मग पुन्हा चावू लागायची.

बदलीच्या आधीची दिवाळी सांगायची राहिली. दिवाळसणाला आले आणि दुसऱ्याच दिवशी क्वार्टरवर गेले. बाई पणतीच्या वाती वळत होत्या. "ये वं शकू! कशी हाय सासू?" त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं. मी बसलेसुद्धा नाही.

"बाई, त्या नानखटाईत वेलची नव्हतीच. जायफळ होतं."

बाईंचा हात थांबला. "तुले कसं माहीत?"

"मी दोन चोरून खाल्ल्या होत्या. आईनं डबा उघडलाच नव्हता. मी मांडवात बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही, माझं चुकलं."

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मले माहीत हाय वं. तुह्या मायचं काय, साऱ्याईचंच माहीत हाय. वेलची मी कधीच टाकत नाही. तरी दर लग्नात इचारतो. म्हनलं, एखादी तरी म्हनन, बाई, वेलची तं नव्हतीच."

मला रडू फुटलं. मी पाणी मागितलं आणि त्यांच्याच तांब्यातलं प्यायले. बाईंनी फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी खात असताना त्या इतक्या जवळ येऊन बसल्या, की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"आता खरं सांग. कशी झाल्ती तुह्या लग्नाची?"

खरंच सांगायचं ठरवून आले होते. म्हटलं, "चांगली होती. पण जायफळ जरा जास्त झालं होतं."

"ज्यास्त?" बाई ताडकन उठल्या. "ज्यास्त म्हनते! चिमूटभर तं टाकलं होतं! तुले जायफयातलं काय समजते वं?"

"मला समजतं. जिभेला चरचरलं."

"चरचरलं म्हनते!" त्यांनी जायफळ काढलं, सहाण काढली आणि "पाह्य, एवढंसं घासलं होतं" म्हणून मला घासून दाखवू लागल्या. मी म्हटलं, नाही, याहून जास्त होतं. त्या म्हणाल्या, नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी या गोष्टीवरून कोणी भांडलंच नव्हतं. मीही हटले नाही. दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघी जायफळावरून मनसोक्त भांडलो.