विसावं पाऊल

कबनूरच्या कारखान्यात गणपतीनं तीस वर्षं चार माग चालवले. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलायची, तुटलेला धागा जोडायचा आणि मागांमधल्या बोळातनं वीस पावलं गेलं की उलट फिरायचं.

२००६ साली जपानात नोकरीला असलेल्या लेकानं, प्रसेनजीतनं, त्याला बोलावून घेतलं. तिथं समुद्रातली सहा बेटं पुलांनी जोडलेली होती. रस्ता सत्तर किलोमीटरचा, आणि गणपतीनं तो चालत जायचं ठरवलं.

"आबा, बसनं जाऊ. तुमचं वय काय, रस्ता केवढा."

"वय माझं मी बघतो. तू पाण्याची बाटली घे."

पहिल्याच पुलावर विसाव्या पावलाला गणपतीची टाच आपोआप उलट फिरली. त्यानं स्वतःच्याच पायाला एक कचकचीत शिवी हासडली आणि पुन्हा पुढं तोंड केलं. मग तीन दिवस चालला. टाचांना फोड आले, तरी बसचं नाव काढू दिलं नाही.

शेवटचा पूल संपला तसा प्रसेनजीत म्हणाला, "आबा, जरा मागं वळून बघा की. केवढं चालून आलायसा."

गणपतीनं मानसुद्धा वळवली नाही.

"उभा जन्म त्येच केलंय," तो म्हणाला. "ह्याच्या पुढं रस्ता कुठं जातो, ते सांग."